तांबड्या पाण्याची राणी

माझ्या आयुष्यात मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो सुगुणाअक्कांचा. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण अक्कांचं नाव नेहमी शेवटी यायचं, आणि बहुतेक वेळा यायचंच नाही.

मी तंजावूरचा मराठी. घरात मराठी बोलायची आणि उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की तमिळ, असं आमचं चालतं. आमची मराठी पुण्याकडच्या माणसाला ऐकवली की तो आधी हसतो आणि मग ‘गोड आहे’ म्हणतो. आम्ही अजून ‘कोठें’ आणि ‘नाहीं’ म्हणतो, धाकट्याला हाक मारताना शेवटी तमिळ ‘डा’ जोडतो. बोलतात सगळे, लिहिता येतं फार थोड्यांना. माझ्या वडिलांना सहीपुरतं तमिळ येत असे, तेवढंच. देवनागरी मला अक्कांनी शिकवली. शाळेत त्या चित्रकलेच्या बाई होत्या, तिथे नव्हे. रविवारी, राजवाड्यामागच्या गल्लीतल्या त्यांच्या घराच्या ओट्यावर. अक्षरं गिरवायला पेन्सिल देत नसत, ब्रश देत. म्हणत, “पेन्सिल पुसतां येते. ब्रशानें काढ, म्हणजे आधीं विचार करशील.” त्यामुळे माझं अक्षर आजही थोडं जाड येतं.

अक्का उंच आणि हाडापेराने मोठ्या होत्या. चालताना पुढे थोड्या झुकत, जणू फळीवरचं काहीतरी पाहत आहेत. रंग पाहायचा तो डाव्या अंगठ्याच्या नखावर. डबी उघडली, ब्रशाचं टोक बुडवलं, नखावर एक रेघ, मग उजेडात धरून बघणं. त्या नखावरचा रंग कधी पुरता गेलेला मी पाहिला नाही. वर्गात शिरल्या की पहिल्या बाकावरच्या मुली नखाकडे बघून सांगत, घरी आज कृष्ण चालू आहे की देवी.

आणि एकच प्रश्न त्या सगळ्याला विचारत, “धरलें कां?” खळ लावल्यावर फळीला विचारत, विरजण लावल्यावर भांड्याला, गणित शिकवून झाल्यावर मला. लग्न का केलं नाही, असं एकदा शेजारच्या बाईंनी छेडलं तेव्हा म्हणाल्या, “दोन ठिकाणीं लावून पाहिला. रंग धरला नाहीं.” बाई हसल्या. अक्का हसल्या नाहीत.

दहावी झाल्यावर वडिलांनी मला गिरणीत घ्यायचं ठरवलं होतं. वडील तिरुवैयारूच्या अलीकडे एका भाताच्या गिरणीत हमाल होते. मालकाशी बोलणंही झालं होतं. ही गोष्ट मी रविवारी ओट्यावर सहज सांगितली. सोमवारी शाळा सुटल्यावर अक्का गावच्या बसने गिरणीत आल्या. कोंड्याच्या धुरळ्यात काळी छत्री उघडी धरून उभ्या राहिल्या. वडिलांनी बसायला एक रिकामं पोतं घडी करून टाकलं. त्या बसल्या नाहीत. वडील म्हणाले, आमच्यात कोणी शिकलेलं नाही, अक्का.

“मग ह्याच्यापासून सुरू करूं,” अक्का म्हणाल्या.

“शिकून काय करील?”

“तें मला ठाऊक नाहीं, गणपतराव. इकडे काय करील तें ठाऊक आहे.”

वडील पोतं पाठीवर घेऊन आत गेले. अक्का पुढच्या आठवड्यात परत आल्या. त्याच्या पुढच्या आठवड्यात वडिलांनी त्यांची छत्री बसमधून उतरताना लांबूनच पाहिली आणि तिथूनच होकाराची मान डोलावली. मी रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झालो. आमच्या घराण्यातला पहिला. आज सरकारी शाळेत शिकवतो. मला हे सांगताना अभिमान वाटतो, पण ह्या लेखात मी एवढाच पुरे.

गल्लीच्या तोंडाशी अक्कांच्या थोरल्या भावाचं, नारायणरावांचं दुकान होतं. सगळे त्यांना अण्णा म्हणत. तंजावुरी चित्रांचं दुकान. फणसाच्या फळीवर कापड डकवायचं, त्यावर खडू आणि डिंकाची लुगदी चढवून दागिने, कमानी, खांब उठवायचे, खडे बसवायचे, सोन्याचा वर्ख लावायचा, आणि मग रंग. लुगदी आणि वर्ख अण्णांचा. तोंड, हात, कपडे अक्कांचे. आणि डोळे. आमच्याकडे देवाचे डोळे सगळ्यांत शेवटी उघडतात. त्या दिवशी अक्का पहाटे न्हाऊन, ओल्या केसांनी, दार लोटून बसत. आतून काही ऐकू येत नसे. बाहेर येत तेव्हा चित्र बघत असे. मग खाली उजव्या कोपऱ्यात अण्णा इंग्रजीत आपली सही करत.

एकदा मी दुकानात असताना चेन्नईचं एक जोडपं बाळकृष्ण घेत होतं. बाई फार वेळ त्या तोंडाकडे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, हे हसू कसं आणलं? अण्णा म्हणाले, हात बसलेला आहे. पडद्याच्या आत अक्का वाट्या धूत होत्या. ते गेल्यावर मी आत जाऊन रागाने काहीतरी बोललो. अक्कांनी पाणी ओतून दिलं. “खोटें कोठें बोलला? हात बसलेलाच आहे. कोणाचा तें त्यांनीं विचारलें नाहीं.”

अण्णा वाईट माणूस नव्हते. बहिणीला त्यांनी कधी उपाशी ठेवलं नाही, कधी आवाज चढवला नाही. सणाला साडी पहिली तिला घेत. फक्त ही चित्रं तिची आहेत हे त्यांना सुचलंच नाही. छपराला भिंत कोणाची हे सुचत नाही, तसं.

अक्का निवृत्त झाल्या त्याच्या दुसऱ्या वर्षी बंगळूरहून कार्तिक आला. तिशीचा, स्वच्छ, मऊ बोलणारा मुलगा. एक कंपनी पत्ते छापत होती आणि तो त्यांच्याकडे कामाला होता. दुकानातल्या एका देवीसमोर तो उभा राहिला आणि त्यानेही अण्णांना तोंडाबद्दल विचारलं. अण्णांनी नेहमीचं उत्तर दिलं. तेव्हा तो म्हणाला, कोणाचा हात?

हा प्रश्न त्या दुकानात तोपर्यंत कोणी विचारला नव्हता. अक्का पडदा सारून बाहेर आल्या. पुढे जे झालं ते सगळं ह्या एका प्रश्नामुळे झालं असं मला वाटतं. त्याने दुसरं काही विचारलं असतं तर त्या बाहेर आल्या नसत्या.

ते टॅरोचे पत्ते होते. भविष्य बघायचे. अठ्ठ्याहत्तर पत्त्यांतले दरबारी सोळा तंजावुरी शैलीत हवे होते: चार घरं, आणि प्रत्येक घरात राजा, राणी, घोडेस्वार आणि एक पोर. खोक्यावर चित्रकाराचं नाव असेल, असं कार्तिकने तमिळमध्ये स्पष्ट सांगितलं. अक्कांचं. अण्णा म्हणाले, घे, तुझेंही होऊं दे एकदां. हे ते मनापासून म्हणाले.

कंपनीने माहितीचे कागद इंग्रजीत पाठवले होते. दर रविवारी मी ते अक्कांना मराठीत सांगत असे. भविष्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. म्हणाल्या, “पुढचें कळून काय करायचें? मागचेंच उरकत नाहीं.” पण कागदांच्या दुसऱ्या पानावर त्या अडकल्या, त्या अडकल्याच. तिथे लिहिलं होतं की चार घरं म्हणजे चार तत्त्वं. काठ्यांचं घर अग्नी, पेल्यांचं पाणी, तलवारींचं वारा, नाण्यांचं पृथ्वी. इथपर्यंत ठीक. पण माणसांनाही तत्त्व होतं. राणी कुठल्याही घरातली असो, ती पाणी. पोर ती पृथ्वी. म्हणजे काठ्यांची राणी म्हणजे आगीतलं पाणी, आणि पेल्यांचं पोर म्हणजे पाण्यातली माती.

“परत सांग,” अक्का म्हणाल्या.

मी परत सांगितलं. राजा आणि घोडेस्वार यांच्याबद्दल त्या लोकांतच एकमत नव्हतं. कोणी राजाला अग्नी म्हणत आणि स्वाराला वारा, कोणी उलट. अक्कांनी तो वाद बसल्या जागी मिटवला. “राजा अग्नी. बसेल तेथें जाळतो. स्वार वारा, घरांत थांबत नाहीं.” आणि आपलीं तत्त्वं तर पाच, मग आकाश कोठें गेलें, असं त्यांनी कार्तिकला फोनवर विचारायला लावलं. त्याने हसून सांगितलं की ते उरलेल्या पत्त्यांत येईल. अक्का म्हणाल्या, “म्हणजे ठाऊक नाहीं.”

मग त्यांनी ठरवलं. घराचं तत्त्व पाठीमागच्या रंगात, माणसाचं तत्त्व त्याच्या कपड्यात. सोळा जोड्या. आणि कागदांत जे रंग दिले होते, अग्नीला लाल, पाण्याला निळा, वाऱ्याला पिवळा, पृथ्वीला हिरवा, ते त्यांनी बाजूला ठेवले. आयुष्यभर त्यांनी ठरलेले रंग लावले होते. कृष्ण असा, राम असा, देवीची साडी अशी. वडिलांनी सांगितलेले, त्यांच्या वडिलांनी सांगितलेले. पहिल्यांदाच कोणी सांगणारं नव्हतं. त्या वर्षी मी त्यांना बसमधून खिडकीबाहेर बघताना जेवढं पाहिलं तेवढं आधी कधी पाहिलं नव्हतं. तिरुवैयारूची बस कालवा ओलांडून भाताच्या शेतांतून जाते. अक्का तिकीट काढून नुसत्याच जात आणि परत येत.

“वारा कधीं पाहिलास कां तूं?” मला विचारलं. मी नाही म्हटलं. “भातांत दिसतो,” म्हणाल्या. म्हणून त्यांचं वाऱ्याचं घर कोवळ्या भाताच्या फिक्या हिरव्या रंगाचं झालं, एका बाजूला कललेलं. वाऱ्याचा स्वार त्यात अर्धा बुडालेला होता, घोड्याचे पाय दिसतच नव्हते. अग्नी त्यांनी गिरणीमागच्या जळत्या कोंड्याच्या ढिगाचा घेतला. वरून राखाडी, उकरलं तर आत लाल. अग्नीच्या राजाची शाल राखेच्या रंगाची होती, आणि तो जिथे बसला होता तिथे तिची कड उलटून आतला लाल दिसत होता. तो ढीग त्यांनी कधी पाहिला, असं मी विचारलं. “तुझ्या बापाशीं भांडायला आलें होतें तेव्हां,” म्हणाल्या.

पंधरा पत्ते झाले. पेल्यांची राणी राहिली. पाण्याच्या घरात पाण्याची राणी. मागेही पाणी आणि अंगावरही पाणी. त्या महिनाभर तिला हात लावत नव्हत्या.

आडी ह्या तमिळ महिन्याच्या, म्हणजे आषाढाच्या सुमारास, अठराव्या दिवशी आमच्याकडे कावेरीची पूजा असते. धरणातून सोडलेलं नवं पाणी त्या सुमारास खाली पोचलेलं असतं. त्या दिवसांत नदी गरोदर आहे असं मानतात. बायका तिच्यासाठी डोहाळ्याचं चित्रान्न, म्हणजे तऱ्हेतऱ्हेचे भात, घेऊन घाटावर जातात, काळे मणी, पिवळा दोरा आणि ताडाच्या पानाची कर्णफुलं पाण्यात सोडतात. गरिबाघरच्या लेकीला देतात तसले दागिने. सोनं नाही. अक्का दर वर्षी जात. त्या वर्षी येताना तांब्याभर नदी घेऊन आल्या. पाणी घट्ट तांबडं होतं, त्यात काड्या, फेस. तांब्या त्यांनी माजघरात ठेवला, गाळ खाली बसू दिला, वरचं पाणी तुळशीला घातलं. गाळ फडक्यातून गाळून उन्हात वाळवला, खलात घोटला, डिंकात कालवला. नखावर रेघ ओढून माझ्यापुढे धरली. “केमिस्ट्री, काय हें?” मी म्हटलं, लोह आहे, अक्का. त्यांना ते पटलं नसावं. म्हणाल्या, “नदी आहे.”

राणी त्या गाळाने रंगवली. मागे तांबडं पाणी, अंगावर तांबडी साडी, त्याच रंगाची, फक्त एका पांढऱ्या काठाने वेगळी केलेली. पोट किंचित पुढे. गळ्यात पिवळा दोरा, कानांत ताडपत्र. अख्ख्या फळीवर सोन्याचा एक कण नाही. पंधरा पत्त्यांत अण्णांचा वर्ख होता, इथे अण्णांना काहीच काम नव्हतं. अण्णांनी चष्मा वर करून पाहिलं. “सुगुणा, तंजावुरी चित्र आणि सोनें नाहीं? राणी चिखलांत पडली काय?”

“पडली नाहीं. तेथेंच असते.”

डोळे त्यांनी त्या शुक्रवारी पहाटे उघडले. मी सकाळी गेलो तेव्हा फळी भिंतीला टेकून ठेवली होती. मला चित्रातलं फार कळत नाही. पण ती राणी माझ्याकडे बघत होती, आणि काही मागत नव्हती. मी फोनवर तिचा एक फोटो काढून ठेवला. तो काढला म्हणून आज काहीतरी शिल्लक आहे.

सोळा फळ्या कार्तिक स्वतः येऊन घेऊन गेला. अक्कांनी प्रत्येक फळी जुन्या मऊ साडीच्या तुकड्यात गुंडाळून दिली होती. महिन्याभराने त्याचा मेल आला. फार सुंदर शब्दांत लिहिला होता. सगळे थक्क झाले होते. फक्त पेल्यांच्या राणीत ‘थोडं काम’ हवं होतं. पत्ते विकत घेणारा माणूस निळा दिसला की पाणी ओळखतो. तांबडा दिसला तर त्याला ते अग्नीचं घर वाटेल. शिवाय राणी अपुरी दिसते, सोनं राहिलं आहे का?

मी ते वाचून दाखवलं. अक्कांनी नखाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, फोन लाव.

त्यांनी कार्तिकला तमिळमध्ये एवढंच विचारलं, तू कावेरी निळी कधी पाहिलीस? तो म्हणाला, मॅडम, पत्ते घेणाऱ्यांनी कावेरी पाहिलेलीच नाही. हे उत्तर बरोबर होतं. म्हणूनच त्याचा राग येतो. तो एकदाही उद्धट झाला नाही. दर वाक्याला मॅडम म्हणत होता, तुमचा मान आहे म्हणत होता. शेवटी त्याने तोड काढली. परदेशातल्या आवृत्तीत निळी, आणि इथे भारतात विकायच्या आवृत्तीत तुमची तांबडी. दोन्हींवर तुमचं नाव. शेवटचा शब्द कंपनीचा, असं करारात असूनही आम्ही हे देतो आहोत, एवढं त्याने हळूच जोडलं. करार अक्कांनी वाचला होता, मी सांगितला होता. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, शेवटचा शब्द आजवर माझा कोठें होता?

मी खुणेने सांगत होतो, हो म्हणा. अण्णाही दारात येऊन उभे होते, तेही मान हलवत होते. अर्धं तर मिळतं आहे.

“नाहीं,” अक्का फोनवर म्हणाल्या, आणि मग फोन खाली ठेवून आम्हा दोघांना मराठीत, “नदी एकच आहे. दोन रंग माणसांना लागतात.”

अण्णा चिडले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना बहिणीवर चिडताना मी पाहिलं. ते म्हणाले, हट्टानें काय मिळालें तुला आजवर? अक्का म्हणाल्या, हट्ट कोठें केला आजवर?

खोकी दिवाळीच्या सुमारास आली. भेट म्हणून पाठवलेली, चकचकीत, वर सोनेरी कमान. आणि कमानीखाली इंग्रजीत अक्कांचं पूर्ण नाव, मोठ्या अक्षरांत. मी वाचून दाखवलं. त्यांनी खोकं उघडून पत्ते काढले आणि राणी शोधली. पाणी निळं होतं. साडी निळी होती. पोस्टकार्डावरच्या समुद्राचा निळा. ताडपत्राच्या जागी सोन्याची कर्णफुलं होती, दोऱ्याच्या जागी हार, आणि पोट सपाट केलं होतं. सगळं कॉम्प्युटरवर केलेलं, अगदी सफाईने. डोळे मात्र त्यांनी बदलले नव्हते. निळ्या बाईच्या तोंडात अक्कांनी उघडलेले डोळे तसेच बघत होते.

अक्का म्हणाल्या, नांव काढायला सांग. मी त्याच दिवशी मेल केला. उत्तर आलं की छपाई पूर्ण झाली आहे, आणि खरं सांगायचं तर ह्या नावामुळेच संचाला अस्सलपणा आहे. मूळ फळ्यांबद्दल विचारलं. त्या कंपनीच्या ऑफिसात भिंतीवर लावल्या आहेत, असं कळलं. करारात तेही होतं.

आता जे सांगतो ते मला सगळ्यांत कडू वाटतं. अण्णांनी त्यांतलं एक खोकं दुकानातल्या काचेच्या कपाटात मांडलं. पत्ते पंख्यासारखे पसरून, मधोमध ती राणी. गिऱ्हाईक आलं की ते बोट दाखवत आणि म्हणत, हे माझ्या बहिणीनं केलं. आवाजात खरा अभिमान होता. इतकी वर्षं शेकडो चित्रांवर जे एकदा म्हणाले नाहीत, ते त्यांनी म्हटलं, आणि म्हटलं ते तिने न केलेल्या एकमेव चित्राबद्दल. पडद्यामागे वाट्या धुण्याचा आवाज थांबत असे आणि पुन्हा सुरू होत असे. मी अण्णांना काही सांगू शकलो नाही. ते खूश होते.

माझी बदली रामनाथपुरमकडे झाली. निघण्याआधी निरोप घ्यायला गेलो. दुपारची वेळ होती, अक्का ओट्यावर उजेडात बसल्या होत्या. पुढे उरलेली खोकी उघडी, आणि मांडीवरच्या फळीवर त्या सगळ्या खोक्यांतल्या निळ्या राण्या ओळीने लावलेल्या. शेजारी वाटीत कावेरीचा गाळ, डिंकात कालवलेला. माझी चाहूल लागली तरी मान वर केली नाही. ब्रश भरून घेतला, पहिल्या राणीच्या साडीवर ठेवला, खाली ओढला.

पत्त्यांवर प्लास्टिकचा थर होता. रंग पसरला नाही. त्याचे थेंब झाले, थेंब एकमेकांत मिसळले, आणि राणीच्या अंगावरून घसरून कडेला गेले. अक्कांनी फडक्याने पुसलं. गाळ घट्ट केला. पुन्हा लावला. पुन्हा थेंब. मग थोडा खडू मिसळला. वाळेपर्यंत थांबल्या, नखाने हलकेच टोकलं. सालपट निघून आलं, आणि खाली निळी साडी होती तशी, ओरखडाही नाही.

का धरत नाही हे मला समजत होतं. मी ते शिकवतो. अक्कांनी पुढची राणी घेतली.

मी पाया पडलो. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, ब्रश त्याच हातात होता. “लिहीत जा, डा,” म्हणाल्या. रस्त्यात लक्षात आलं, माझ्या केसांत तांबडं लागलं होतं. एका बोळाच्या नळावर ते धुतलं. लगेच गेलं.

तेव्हापासून आडी पुन्हा एकदा येऊन गेली आहे. अक्का आता चित्रं काढत नाहीत, असं अण्णा फोनवर सांगतात. दुकानात एक नवा कारागीर डोळे उघडतो. अक्का फोनवर येत नाहीत, कार्तिकचे फोन सोडले तर कधीच येत नसत, म्हणून मी पत्रं लिहितो. कॉलेजात होतो तेव्हापासून लिहितो, देवनागरीत, जाड अक्षरात. दर पत्र त्या चुका तांबड्या शाईने दुरुस्त करून परत पाठवत. उत्तर वेगळं कधी लिहिलं नाही. तेच उत्तर असे. माझ्याकडे एक पिशवीभर अशी पत्रं आहेत. ह्या वेळचं मात्र आडीनंतर पाठवलेलं पत्र अजून परत आलेलं नाही. माझ्याकडच्या कच्च्या कागदावरून ते इथे उतरवतो; त्यातली जानकी माझी मुलगी.

तीर्थरूप अक्कांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही इकडे सुखरूप आहोत. इथे पाणी खारट आहे, वरणात डाळ शिजत नाही. जानकी तिसरीत गेली. तिला चित्रकला आहे. बाई तरुण आहेत, चांगल्या आहेत.

गेल्या आठवड्यात वर्गात ‘आमची नदी’ काढायला सांगितली. जानकीने माझ्या फोनमधला तुमच्या राणीचा फोटो पुष्कळदा पाहिला आहे. तिने नदी तांबडी काढली. नदीत एक बाई बसवली, कानात पानं घातली. बाईंनी त्यावर फुली मारली आणि खाली लिहिलं, पाणी निळं असतं.

मी दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो. तुम्ही गिरणीत आला होता तसा, छत्री मात्र नव्हती. मी पुष्कळ बोललो. नवं पाणी, गाळ, लोह, सगळं सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, फुली खोडली, गुण दिले. मग म्हणाल्या, सर, पण परीक्षेत पेपर दुसऱ्या शाळेत तपासतात.

घरी येऊन जानकीने आपणहून ठरवलं. आता ती शाळेच्या वहीत नदी निळी काढते आणि घरच्या वहीत तांबडी. मला म्हणाली, अप्पा, दोन्ही येतात मला. फार आनंदात होती.

तुम्ही कार्तिकचा फोन खाली ठेवून नदीबद्दल जे म्हणाला होता, ते मी तिला अजून सांगितलेलं नाही. ती आठ वर्षांची आहे, आणि पुढं पुष्कळ परीक्षा आहेत.

ह्या पत्रात चुका असतील. परत पाठवा.

आपला,
रघू